हजेरी गेली, नोंद राहिली

लातूर जिल्ह्यातल्या धनेगावात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांनी ते आत्मकथनांच्या रांगेत बसवलं, वाखाणलं. गुन्हा कसा घडतो आणि घराण्यात कसा मुरतो याचा दस्तऐवज म्हणून मात्र ते फारसं वाचलं गेलं नाही. खरं तर त्या बाबतीत इतका कसदार पुरावा मराठवाड्यातून क्वचितच आला असेल. गायकवाडांनी काहीही लपवलेलं नाही. खिसे कापायचं शिक्षण कसं दिलं जातं, पोलिसांचा मार सोसून तोंड न उघडण्याची तयारी लहानपणीच कशी करून घेतली जाते, हे सगळं त्यात आहे. पण त्याच घरात शेतावर राबून पोट भरणारे वडील आहेत, शाळेत जाणारा आणि पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागणारा मुलगा आहे. आणि कुठे चोरी झाली की ती कुणी केली याची फार चौकशी न करता बायकापोरांसकट सगळ्या घराला झोडपणारे पोलीसही आहेत. एकच घर, एकच दारिद्र्य, तरी माणसांच्या वाटा वेगळ्या. मार मात्र सगळ्यांना सारखा. गुन्हा पिढ्यानपिढ्या चालतो तो रक्तामुळे, असं आपल्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं. माझं म्हणणं असं, की तो चालण्यामागे नोंदीचा वाटा फार मोठा आहे. एकदा नाव पोलिसांच्या वहीत गेलं की माणसाला सरळ वाटेवर परत यायला जागाच उरत नाही. दारिद्र्य, दुष्काळ, मोडलेलं घर हे धोके आहेतच, पण ते दूर करायला पिढ्या लागतात. नोंदीचा धोका सरकारने स्वतः निर्माण केलेला आहे, म्हणून तो सरकारला उद्यापासून कमी करता येण्यासारखा आहे.

ही नोंद सुरू झाली ती गुन्हेगार जमातींच्या कायद्याने; तो इंग्रजांनी १८७१ मध्ये केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच, असा त्यामागच्या अधिकाऱ्यांचा तर्क होता. जातिव्यवस्थेचा इतका सोयीचा अर्थ क्वचितच कुणी लावला असेल. १९११ आणि १९२४ मध्ये हा कायदा सुधारून घेतला गेला. बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, असा सगळा बंदोबस्त होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण म्हणून इथला माणूस सुटला नाही; हैदराबाद संस्थानातही अशा जमातींवर देखरेखीचे नियम होते. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीने कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला. या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जमाती त्या दिवसाला आपला मुक्तिदिन मानतात, देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी आलेला. पण जमातीची हजेरी गेली आणि तिच्या जागी ‘सराईत गुन्हेगार’ आला. अनेक राज्यांनी त्यासाठी वेगळे कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा, आणि मराठवाडा १९५६ पासून त्याच राज्यात होता. कागदावर फरक मोठा आहे. आधी माणूस जन्मावरून गुन्हेगार ठरायचा, आता शिक्षांवरून ठरणार होता. पण ठाण्यातली रजिस्टरं, ती वाचणारे डोळे आणि रजिस्टरांतले वस्त्यांचे पत्ते एका रात्रीत बदलले नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये आणि बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये हे कायदे काढून टाकायला सांगितलं. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि स्वतः गायकवाड यांनी १९९८ मध्ये विमुक्तांच्या हक्कांसाठी जी संघटना उभी केली, तिची मागणीही हीच होती.

आता पुराव्याकडे येऊ. कोणता मुलगा पुढे गुन्ह्याकडे वळेल हे आधी ओळखता येतं का, हा प्रश्न घेऊन लंडनच्या दक्षिण भागातल्या ४११ मुलांचा मागोवा केंब्रिजच्या संशोधकांनी १९६१ पासून कित्येक दशकं घेतला. घरातली गरिबी, शिक्षा झालेले आईबाप किंवा भाऊ, शाळेत मागे पडणं, घरातली मारझोड आणि दुर्लक्ष, हे घटक पुनःपुन्हा समोर आले. सहा टक्क्यांहूनही कमी कुटुंबांच्या वाट्याला एकूण शिक्षांपैकी निम्म्या शिक्षा आल्या होत्या. रक्ताचा सिद्धांत मांडणाऱ्याला हा आकडा फार आवडेल. पण याच अभ्यासात डेव्हिड फॅरिंग्टन यांनी आणखी एक गोष्ट तपासली. आधी सारख्याच वागणुकीची मुलं घेतली. त्यातल्या काहींना पकडून शिक्षा झाली, काही निसटली. शिक्षा झालेल्यांची वागणूक पुढे बिघडत गेली, निसटलेल्यांची तेवढी नाही. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या चार हजारांवर मुलांचा अभ्यासही असंच सांगतो: यंत्रणेच्या जितकं खोल हाती लागावं, तितकं बाहेर येणं अवघड. बापाच्या तुरुंगवासाबद्दलही लंडनच्या त्याच माहितीतून दिसलं, की दहाव्या वर्षाच्या आत बाप तुरुंगात गेल्याने ज्यांची ताटातूट झाली, त्या मुलांची पुढची अवस्था इतर कारणांनी ताटातूट झालेल्यांपेक्षा वाईट होती. म्हणजे एका घरात शिक्षांचा ढीग साचतो, तेव्हा त्यातला काही भाग त्या घराच्या स्वभावाचा असेल, पण काही भाग आधीच्या शिक्षेने स्वतःच जन्माला घातलेला असतो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: गरीब तर लाखो आहेत, सगळे कुठे चोऱ्या करतात? आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. धोक्याचा घटक म्हणजे नशीब नव्हे. अमेरिकेत कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांना सज्ञान होण्याआधीच अटक झाली होती. तशाच वस्तीतल्या, पण छळ न सोसलेल्या मुलांत हे प्रमाण १७ टक्के होतं. फरक खरा आहे, दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण छळ सोसलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलं त्या वाटेला गेलीच नाहीत, हेही तितकंच खरं. मराठवाड्यात धोक्यांची कमी नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर मुलं निघतात आणि शाळा अर्ध्यावर सुटते. पाण्यावरून हाणामारी होईल या भीतीने लातूरच्या जिल्हा प्रशासनाने २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते त्यानंतर. एवढं सोसूनही इथली बहुसंख्य माणसं कष्टानेच जगतात. तेव्हा प्रश्न असा उरतो, की धोक्यात असलेल्या ज्या थोड्यांचं पाऊल एकदा घसरतं किंवा ज्यांच्यावर नुसता संशय येतो, त्यांचं पुढे काय होतं.

होतं ते असं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणी संशयास्पद अवस्थेत दिसला, नीट कारण देऊ शकला नाही, तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ज्याला घर आहे तो रात्री घरात असतो. ज्याचं घर म्हणजे रस्त्याकडेचं पाल, तो रात्री कुठे दिसणार? त्यात आधीचं नाव वहीत असेल तर ‘चॅप्टर केस’, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, होते, सणासुदीला चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागितला जातो, पुढे तडीपारीची नोटीस येते. अटक झाली तर जामीन मंजूर होणं आणि जामिनावर सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते, ऐपतीचा दाखला लागतो. पारध्याच्या पालावर सातबारा कुठला? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या मोतीराम खटल्यात, गरिबाकडे दहा हजारांचा जामीन मागणं आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारणं चूक ठरवलं. जातमुचलक्यावर सोडता येतं, हे न्या. कृष्णा अय्यर यांनी त्यात सविस्तर लिहिलं. तरीही देशाच्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. त्यांच्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून जवळपास दोन तृतीयांश. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने एक चांगली सोय केली: याआधी कधीच शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही गंभीर गुन्हे वगळता त्याला सोडायचं. पण त्याच कलमाच्या पोटात अट आहे, की एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. ज्यांची नावं प्रत्येक चोरीच्या तपासात पहिल्यांदा वर येतात, त्यांनाच ही अट नडणार. वही फुगते, आणि वही फुगली म्हणून सुटका अडते.

सुटका झाल्यावर कामाचा प्रश्न. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत मिलवॉकी शहरात एक सरळ प्रयोग केला. सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले. काहींच्या अर्जात तुरुंगवासाची नोंद, काहींच्या नाही. २००३ मध्ये निष्कर्ष आले. नोंद नसलेल्या गोऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. काळ्या तरुणांत हे आकडे १४ आणि ५. नोंद नसलेल्या काळ्या तरुणाला नोंद असलेल्या गोऱ्यापेक्षाही कमी बोलावणी, हे वाचताना आपल्याकडच्या आडनावांची आठवण न येणं अवघड आहे. नांदेड-लातूरकडची शेकडो मुलं पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे धावतात. निवड झाली तरी चारित्र्य पडताळणीत गावातल्या भांडणाची एखादी जुनी केस आडवी येऊ शकते. निर्दोष सुटलं तरी नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही, सुटका संशयाचा फायदा देऊन झाली आहे का ते नियुक्ती करणारा पाहू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. एका केसने तरुणाचं आयुष्य बरबाद होतं हे सरकारला माहीत नाही असं मुळीच नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनातले आणि भीमा कोरेगावनंतरचे खटले मागे घेण्याचे निर्णय सरकारनेच जाहीर केले, आणि मुलांच्या भवितव्याचं कारण त्यात उघड होतं. मला ते निर्णय चूक वाटत नाहीत. फक्त एवढंच, की जे संघटित आहेत त्यांच्या केसचा विचार मंत्रिमंडळ करतं आणि जो कलम १२२ मध्ये एकटा सापडला त्याच्या केसचा विचार कारकूनही करत नाही.

खटला लांबला की सगळ्यांचंच कसं नुकसान होतं, याची दोन टोकाची उदाहरणं नांदेडमध्येच आहेत. ६ एप्रिल २००६ रोजी पाटबंधारे नगरात एका घरात स्फोट झाला, दोघे मेले. बाँब बनवला जात होता असा आरोप झाला, तपास आधी दहशतवादविरोधी पथकाकडे, मग केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०२५ च्या जानेवारीत, जवळजवळ एकोणीस वर्षांनी, नांदेडच्या न्यायालयाने हयात असलेल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. दुसरं प्रकरण २०१२ च्या ऑगस्टमधलं. शस्त्रं आणि दहशतवादी कटाच्या आरोपाखाली नांदेडचे पाच मुस्लिम तरुण धरले गेले. २०२१ च्या जूनमध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने तिघांना दहा वर्षांची शिक्षा दिली आणि दोघांना निर्दोष ठरवलं. या दोघांचा मधला बहुतेक काळ तुरुंगात गेला होता. दोन्ही प्रकरणांतले धर्म वेगळे, पक्ष वेगळे, त्यावर बोलणारी माणसं तर फारच वेगळी. एकाला हळहळणारा दुसऱ्याला हळहळत नाही. पण काळाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. आरोपी खरे दोषी असतील असं मानलं, तर समाजाला न्याय मिळाला नाही. निर्दोष असतील, तर तारुण्य गेलं आणि त्याची भरपाई कुणी देणं लागत नाही. विधी आयोगाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला. तो झाला नाही. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई देववण्याचं कलम मात्र जुन्या संहितेतून नव्या संहितेत जसंच्या तसं आलं. तिची कमाल रक्कम आहे एक हजार रुपये.

एवढं सगळं आरोपींबद्दल झालं, बळींचं काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात कधीचा आला असेल. तो टाळण्यात अर्थ नाही. ज्याचं घर फुटलं, जिच्या गळ्यातलं ओढून नेलं, ज्या व्यापाऱ्याला खंडणीचे फोन येतात, त्याचं नुकसान पैशांत मोजता येत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये नांदेडला एका बांधकाम व्यावसायिकाला घरासमोर गोळ्या घालून मारलं, तेव्हा सगळं शहर धास्तावलं होतं. पण आरोपी आणि बळी हे दोन वेगळ्या जगांतले लोक असतात, हा समज पुराव्याला धरून नाही. ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघर विचारून बळींची पाहणी होते. तिच्यातून दिसतं, की थोड्याच माणसांवर आणि थोड्याच वस्त्यांवर पुनःपुन्हा आघात होतात. अनेक देशांतले अभ्यास सांगतात, की ज्या मुलांवर हिंसा होते तीच पुढे आरोपी होण्याचा धोका जास्त, आणि आरोपी झालेल्यांवर हिंसा होण्याचाही. आपल्याकडे अशी नियमित पाहणी नाही, आपण पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे मोजतो. म्हणजे ज्याची फिर्याद घेतली जात नाही, तो बळीच नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षुकी करत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. भटक्या माणसाला गुन्हेगार समजायची सवय नसती, तर एका अफवेवर इतकी माणसं इतक्या चटकन चालून गेली नसती. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत १९७८ च्या नामांतरविरोधी हिंसाचारात पोचीराम कांबळे मारले गेले आणि त्या काळात मराठवाड्यातल्या कितीतरी दलित कुटुंबांनी गाव सोडलं. शेत, ओळख, उधारी मिळण्याची पत, मुलांची शाळा, सगळं मागे सुटतं; शहराच्या कडेच्या झोपडपट्टीत आयुष्य नव्याने सुरू होतं आणि आधी सांगितलेल्या धोक्यांची यादी त्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून लागू होते. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांना तिच्यातून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. योजना चांगली आहे, पण तिचं दार गुन्हा नोंदला गेल्यावर उघडतं. आणि इथेच विसंगती बोचते: आरोपीच्या रकान्यात ज्या वस्तीतल्या लोकांची नावं सहज चढतात, फिर्यादीच्या रकान्यात त्यांची नावं मोठ्या मुश्किलीने येतात.

शेवटचा आक्षेप पोलिसांचा आहे आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. गुन्हे मूठभर माणसंच पुनःपुन्हा करतात; त्यांच्यावर नजर नको तर कुणावर ठेवायची? फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या अभ्यासात ६ टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले होते. पोलिसांचं म्हणणं या आकड्याशी जुळतं. पण हा आकडा माणसांचा आहे, जमातीचा नाही. आणि ती माणसंही कायम तशीच राहत नाहीत. बॉस्टनच्या पाचशे बालगुन्हेगारांचा सत्तरीपर्यंत माग काढणाऱ्या जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांना दिसलं, की कितीही खडतर बालपण गेलेले लोकही टिकाऊ नोकरी, संसार, सैन्यातली भरती यांमुळे गुन्हा सोडून देतात. नजर ठेवावी, पण ज्याला शिक्षा झाली त्याच्यावर, ठरावीक मुदतीपर्यंत. ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदा आहे, की छोटी शिक्षा भोगून ठरावीक काळ सरळ वागलं तर ती शिक्षा बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात सांगायची गरज नाही. आपल्याकडेही २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम २४ अल्पवयीनाची नोंद योग्य वेळी नष्ट करायला सांगतं, सोळा ते अठरा वयाच्या गंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडून. अठराव्या वाढदिवसानंतर मात्र ही दृष्टी एकदम संपते, जणू एकोणिसाव्या वर्षी माणूस बदलायचा थांबतो.

२०२४ हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचं ठरलं. मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यातल्या या वहीबद्दल, म्हणजे हिस्ट्रीशीटबद्दल बोलताना, विमुक्त आणि मागास जमातींतल्या निरपराधांची नावं पोलीस यांत्रिकपणे चढवतात याची दखल घेतली, अल्पवयीन नातेवाइकांची नावं त्यात येऊ नयेत असं सांगितलं आणि वरिष्ठ अधिकाऱ्याकडून नोंदींची वेळोवेळी तपासणी व्हावी, याचा विचार सगळ्या राज्यांनी करावा असं म्हटलं. ३ ऑक्टोबरला याच न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद आणि विमुक्तांना सराईत मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. निकाल झाले, आता पाळी जिल्ह्यांची आहे. नांदेड आणि लातूरच्या पोलीस अधीक्षकांनी ठाण्याठाण्यातली हिस्ट्रीशीटं काढून पाहावीत: किती जणांना कधीतरी शिक्षा झाली, किती जण नुसते संशयित म्हणून चढले, किती जण दहा वर्षांत एकाही प्रकरणात आले नाहीत, आणि किती नावं केवळ कुणाचा तरी मुलगा किंवा भाऊ म्हणून तिथे आहेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील आणि पोलीस उपअधीक्षक दर्जाचा एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात काही दिवस बसले तरी पुरे.